गायक गेल्यानंतरचं गाणं

कळमन्यात बोलतोय, तर बाजारापासूनच सुरुवात करू. संत्र्याचा ढीग लिलावाला लागला की जाणता घेणारा वरची फळं पाहून थांबत नाही, खाली हात घालतो. गायक गेल्यावर त्याच्या नावानं निघणारे अल्बम ऐकताना आपण मात्र असा हात घालत नाही. माणूस थोर, म्हणजे निघेल ते थोर. चिकित्सा केली तर गेलेल्या माणसाचा अपमान होईल, असं वाटतं.

इथे मूळ प्रश्न असा आहे, की ख्याल ही वस्तू आहे की क्रिया? कादंबरी ही वस्तू. लेखक गेला तरी हस्तलिखित उरतं. ख्याल मात्र त्या रात्रीची क्रिया. समोर कोण बसलंय, तानपुरे कसे लागलेत, यावर ती घडते आणि संपते. ध्वनिफितीनं त्या क्रियेची वस्तू केली. वस्तू झाली की मालक आला. मग विचारावंच लागतं, हे लोकांसमोर जावं असं ठरवलं कुणी?

केसरबाई केरकरांचं घ्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर त्यांची भैरवी अंतराळात गेली, आणि त्याच सप्टेंबरात केसरबाईही गेल्या. ती भैरवी त्यांनी स्वतः तबकडीसाठी गायलेली होती. मैफलीत कुणी परस्पर ध्वनिमुद्रण केलेलं त्यांना खपत नसे. हा नकारही त्यांच्या कलेचाच भाग मानायला हवा. काय मागे ठेवायचं नाही, हेही कलावंत ठरवत असतो.

उलट द. वि. पलुसकर. १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या हयातीतल्या ७८ आरपीएम तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात त्यांनी राग नेमका उभा केला, हे खरंच. पण विलंबित ख्याल त्यात मावणार कसा? लांबीची ही अट काळाची होती, त्यांची नव्हे. म्हणून त्यांचं दीर्घ गाणं मागाहून प्रकाशित झालं, त्यानं अपुरं चित्र पुरं केलं.

आणि आपले वसंतराव देशपांडे. जन्म मूर्तिजापूरचा, १९२० चा. शिक्षण इथेच नागपुरात, शंकरराव सप्रे गुरुजींकडे. बरीच वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी, आणि १९८३ मध्ये गेलेसुद्धा. त्यांच्या मैफलींचं ध्वनिमुद्रण ऐका. तान कुठे जाणार हे ऐकणाऱ्याला कळत नाही. क्वचित वाटतं, त्यांनाही आधी ठाऊक नसावं. एखादी झेप थोडी कमी पडते, आणि पुढची तान तिथूनच उठते. आता संपादकानं ती कमी पडलेली झेप कापली तर? उरेल ते नीटनेटकं असेल, पण वसंतरावांचं नसेल.

कायदा इथे फारसा कामाला येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं सादरकर्त्याला नैतिक हक्क दिले. पण त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं, की संपादनासाठी किंवा ठरावीक वेळेत बसवण्यासाठी भाग वगळला, तर तेवढ्यानं प्रतिष्ठेला बाधा येत नाही. सिनेमाच्या गाण्याला हे चालेल कदाचित. ख्यालाची आलापी वेळेसाठी कापायची, म्हणजे इमारतीचा पाया जागेसाठी काढण्यासारखं आहे.

मग एकच नियम लावायचा का? नाही. केसरबाईंचा विवेक नाकारण्यात होता, वसंतरावांचा न थांबण्यात. गायकाचा स्वतःचा विवेक ज्यात शाबूत राहतो, तो अल्बम खरा. म्हणून मरणोत्तर अल्बम हाती आला की पाहा: मैफल कधीची, कुठली? साथीला कोण? गाणं सलग आहे की कापलेलं? मोबाइलवर ऐकताना बहुतेकदा यातलं काहीच लिहिलेलं नसतं, साथीदारांची नावंसुद्धा नाहीत. हे मागायला हवं, आणि आपणच मागायला हवं. जिवंत गायक चुकीचं छापलं तर भांडू शकतो. गेलेल्याच्या वतीनं भांडणारा ऐकणाऱ्याशिवाय दुसरा कोण आहे?

आता तुमचे प्रश्न घेऊ.