ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय : ध्यानाची भक्तीत परिणती

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली गेली असे परंपरा मानते, त्या पैस खांबाच्या दर्शनाला आजही रीघ लागते. ग्रंथाचे वाङ्मयीन मोल आम्हांस मान्य आहे. मराठीविषयीचा तो सर्वतोमुखी झालेला अभिमान याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी आहे. मात्र त्यापुढे जे येते, त्याची चर्चा आमच्या वाचकांत क्वचितच होते. पुढे येते ते ध्यान. ध्यानाचे नाव निघताच आमचे काही उपासक ‘हे तर आपल्या तथागतांचेच’ म्हणून समाधान पावतात आणि काही ‘हे सारे थोतांड’ म्हणून पाठ फिरवतात. दोघांनीही मूळ ग्रंथ उघडलेला नसतो.

गीतेच्या सहाव्या अध्यायात ४७ श्लोक आहेत. त्यांतील अकराव्यात दर्भ, मृगाजिन व वस्त्र यांचे आसन सांगितले आहे. तेराव्यात ताठ बसणे व नासिकाग्री दृष्टी. इथवर हे एखाद्या शिस्तीचे वर्णन वाटते. परंतु लगेच चौदाव्या श्लोकात साधकाने चित्त श्रीकृष्णाच्या ठायी लावावे अशी आज्ञा येते, आणि शेवटच्या श्लोकात निर्णय दिला जातो की सर्व योग्यांत श्रेष्ठ तो, जो अंतःकरणाने कृष्णमय होऊन श्रद्धेने त्याला भजतो. म्हणजे ध्यानाचा शेवट भजनात होतो. चित्त स्थिर करावयाचे ते त्याची परीक्षा करण्यासाठी नव्हे, तर ते स्वामीच्या स्वाधीन करण्यासाठी.

ज्ञानेश्वरांनी या ४७ श्लोकांवर सुमारे पाचशे ओव्या रचिल्या. त्यांत कुंडलिनीच्या जागृतीचे जे विस्तृत वर्णन आहे, ते गीतेत मुळीच नाही. ते नाथपंथाचे गुह्य आहे हे ज्ञानेश्वरांनी लपविलेले नाही; निवृत्तिनाथांकडून त्यांना ती परंपरा लाभली होती. काव्य म्हणून हा भाग असामान्य आहे. आमचे लक्ष मात्र त्याआधीच्या स्थलवर्णनाकडे जाते. ध्यानाचे स्थान इतके रम्य असावे की तेथे पाखंड्यालाही तपाची आस्था वाटावी, असे ज्ञानेश्वर म्हणतात. (‘पाखंडी’ या शब्दाखाली कोणकोणाची गणना होत आली, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.) तेथे साधकांचीच वस्ती असावी, सामान्य जनांची पायरव नसावी, गुप्त मठ असावा अथवा शिवालय. शतकानुशतके ज्यांना शिवालयाची पायरी चढता आली नाही, त्यांच्यासाठी या उपदेशाचा अर्थ काय उरतो?

एकांत तथागतांनीही सांगितला आहे. सतिपट्ठान सुत्तात अरण्य, वृक्षमूल व शून्यागार यांचा निर्देश आहे. परंतु तेच सुत्त चालताना, उभे असताना, खाताना-पिताना, वस्त्र पांघरतानाही स्मृती राखण्यास सांगते, म्हणून ते एकांतात अडकून पडत नाही. त्या सुत्ताच्या अट्ठकथेत बुद्धघोषाने लिहिले आहे की कुरू देशात दास व मजूरही स्मृतिप्रस्थानाविषयी बोलत, आणि पाणवठ्यावर व सूत कातण्याच्या जागी बसलेल्या स्त्रिया एकमेकींना ‘तू कोणत्या स्मृतिप्रस्थानाचा अभ्यास करतेस’ असे विचारीत. पाणवठ्यावरचे ध्यान आणि मठातले ध्यान यांत हे अंतर आहे.

बाराव्या अध्यायात ज्ञानेश्वर योगमार्गाचे क्लेश वर्णन करून भक्तीचा सुलभ मार्ग पुढे करतात. ते जातिभेदाचे कैवारी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंपरेनुसार ही भावंडे स्वतःच बहिष्कृत होती, आणि देवापाशी पोहोचल्यावर कुळ-जाती व्यर्थ ठरतात असे नवव्या अध्यायात ते निःसंदिग्ध सांगतात. परंतु जात मिटते ती देवापाशी. गावातील विहिरीपाशी ती तशीच राहते, आणि भक्ताचे ध्यान तिला हात लावीत नाही.

याच बाराव्या अध्यायातील भक्तलक्षणांकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोट दाखविले आहे. १९८७ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध झालेल्या, गीतेवरील लेखात ते म्हणतात की मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा हे गुण गीतेने बौद्ध सुत्तांतून घेतले. हे उसने घेणे आम्हांस तितकेसे खुपत नाही. घेताना त्यांचे काय केले, हे खुपते. तथागतांच्या शिकवणीत मैत्री ही सर्व दिशांना, सर्व प्राणिमात्रांकडे पसरावयाची साधना आहे. गीतेत ती देवाला प्रिय होण्याची पात्रता बनते. शब्द तेच, पण मैत्रीचे तोंड शेजाऱ्याकडून देवाकडे वळले.

आता थोडे घरातलेही बोलले पाहिजे. आमच्या कित्येक विहारांत ध्यान म्हणजे बुद्धमूर्तीपुढे डोळे मिटून काहीतरी मागणे, असा प्रकार रूढ होत आहे. बुद्धानुस्सती बौद्ध परंपरेत आहे. बुद्धवंदनेतील नऊ गुण तिचेच विषय होत. परंतु विसुद्धिमग्गात तिला मर्यादा घातली आहे. ती उपचारसमाधीपर्यंत नेते, अर्पणेपर्यंत नाही. मैत्री मात्र अर्पणेपर्यंत पोहोचविते. तथागतांच्या रूपावर लुब्ध झालेल्या वक्कलीला तर स्वतः तथागतांनीच या देहाच्या दर्शनाने काय साधणार असे विचारून धम्माकडे वळविले. आळार कालाम व उद्दक रामपुत्त यांच्याकडील अतिसूक्ष्म समाधीही त्यांनी निर्वाणास अपुरी ठरवून सोडून दिली होती.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नुसती समाधी व सम्यक समाधी यांत केलेला भेद येथे निर्णायक आहे. नुसती समाधी नीवरणांना काही काळ थोपविते. सम्यक समाधी चित्ताला कुशल कर्माचा विचार करण्याची कायमची सवय लावते. ध्यानवर्ग चालविणाऱ्या उपासकांनी शिकाऊ साधकाला पहिला आलंबनविषय कोणता द्यावा, हे या भेदावरून ठरवावे. मूर्ती देण्याआधी, ज्याच्याशी त्याचे बांधावरून भांडण आहे त्या शेजाऱ्याविषयीची मैत्री देऊन पाहावी.