निराशेची रांग

१९७८ साली ‘साची अँड साची’ने ब्रिटनच्या हुजूर पक्षासाठी केलेले भित्तिपत्रक मी अनेकदा न्याहाळले आहे. बेकारी कचेरीबाहेर लांबच लांब रांग आणि वर तीन शब्द : ‘लेबर इझन्ट वर्किंग’. मजूर पक्ष कुचकामी आणि मजूर बेकार, असे दोन्ही अर्थ त्यात येतात. रांगेतले लोक मात्र बेकार नव्हते, पक्षाचेच स्वयंसेवक होते. मोजक्याच माणसांची छायाचित्रे जोडून रांग वाढवली होती. १९७९ मध्ये थॅचर सत्तेवर आल्या. १९८२ मध्ये बेकारांची संख्या ३० लाखांपलीकडे, १९७८च्या सुमारे दुप्पट झाली. भित्तिपत्रकात दोषी कोण ते होते. रांग कशी हटवणार, ते नव्हते. त्यामुळे खरी रांग वाढली, तेव्हा जाब विचारायला हातात लेखी आश्वासनही उरले नव्हते.