एका भाषेची उठलेली बैठक

फोर्थ ही मनुष्यांनीं एकमेकांशीं बोलावयाची भाषा नव्हे. संगणकास काम सांगण्याकरितां केलेली ती एक कृत्रिम भाषा आहे. अशा भाषेच्या चर्चामंडळाचें दार बंद झालें, यांत वाङ्मयाच्या मासिकानें लक्ष घालण्याजोगें काय आहे, असें आमचे कांहीं वाचक सहजच विचारतील. आमचें उत्तर असें कीं, जेथें शब्द घडतात, त्यांच्या अर्थाविषयीं वाद होतात व त्या वादांतून अर्थ स्थिर होत जातो, तेथें टीकाकारास पाऊल ठेवण्याचा अधिकार आहे. आणि फोर्थइतकी शब्दांवर जगणारी संगणकभाषा विरळाच.

चार्ल्स मूर या अमेरिकन गृहस्थांनीं १९७० च्या सुमारास ही भाषा आकारास आणली. आरिझोनांतील किट पीक येथील रेडिओ-दुर्बिणीचें नियंत्रण हें तिचें आरंभींचें मोठें काम. चवथ्या पिढीच्या संगणकांची भाषा म्हणून तिला इंग्रजींतील ‘चवथी’ या अर्थाचें नांव द्यावयाचें होतें. परंतु त्या शब्दाचीं अक्षरें सहा, आणि मूर यांच्या यंत्रावर नांवास मुभा पांचांचीच. म्हणून एक अक्षर गाळलें गेलें. या भाषेंत प्रथम दोन, मग तीन आणि शेवटीं ‘मिळव’ अशा क्रमानें आज्ञा लिहितात. ‘दोन आणि तीन मिळव’ असें म्हणणाऱ्या मराठी वाचकास या क्रमांत वावगें कांहींच वाटणार नाहीं. आंकडे एकावर एक रचले जातात व सर्वांत वरचा प्रथम उचलला जातो. स्वयंपाकघरांतील उतरंड ज्यानें पाहिली आहे त्यास हें निराळें समजावून द्यावयास नको.

पण हिचा खरा विशेष पुढेंच आहे. फोर्थमध्यें आज्ञेला ‘शब्द’ असेंच म्हणतात आणि शब्दांच्या संग्रहाला ‘शब्दकोश’. आज्ञावली लिहिणें म्हणजे जुन्या शब्दांवरून नवा शब्द घडवून तो कोशांत घालणें. काम संपतें तेव्हां लेखकाची स्वतःची एक बोलीच तयार झालेली असते. ही सत्ता मोठी मोहक आहे, आणि हिच्यांतच या भाषेचें दुखणेंही आहे. ज्यानें त्यानें आपला कोश केला म्हणजे एकाचें लिहिणें दुसऱ्यास उमगत नाहीं.

यावर उपाय म्हणून प्रमाणग्रंथ झाले. त्यांतील एकच प्रकरण पाहूं. उणे सातास दोहोंनीं भागलें तर पूर्णांकांत उत्तर काय? १९७९ च्या प्रमाणाप्रमाणें उणे तीन आणि बाकी उणे एक. १९८३ च्या प्रमाणाप्रमाणें उणे चार आणि बाकी एक. शून्याच्या अलीकडे-पलीकडे हलणाऱ्या यंत्राचें मोजमाप करणारास दुसरी रीत सोयीची; पुष्कळ संगणकांच्या अंगीं मात्र पहिलीच रीत मुळांत बाणलेली. अखेर १९९४ च्या प्रमाणानें दोहोंस मोकळीक दिली व प्रत्येकीसाठीं निराळा शब्द नेमला. ग्रंथ निर्णय सांगतो, थोडें कारणही सांगतो. परंतु त्या निर्णयानें ज्याची जुनी आज्ञावली मोडली त्याचें गाऱ्हाणें, त्यास मिळालेलीं उत्तरें व त्या उत्तरांवरील शंका हीं चर्चेंतच सांपडावयाचीं. महाभाष्यांतील शंका-समाधान बाजूस ठेवून पाणिनीचें सूत्र वाचूं पाहणारास जी अडचण, तीच येथें आहे.

हें शंका-समाधान ‘कॉम्प-लँग-फोर्थ’ या मंडळांत चालत आलें. हें मंडळ यूझनेट नांवाच्या व्यवस्थेंतील. ही व्यवस्था ड्यूक विद्यापीठांतील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांना १९७९ सालीं सुचली. तिला एक असा मालक नाहीं. एका संगणकावरील पत्र दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उतरून घेतलें जातें. डेजा न्यूज या संस्थेनें १९९५ पासून या पत्रांचा संग्रह चालविला आणि २००१ सालीं तो गूगल कंपनीनें विकत घेतला. पुढें पुष्कळ वाचक त्याच दारानें आंत येऊं लागले. २०२० सालीं फोर्थ व लिस्प या दोन जुन्या भाषांच्या मंडळांचें तें दार, उपद्रवी मजकुराचें कारण दाखवून, कांहीं काळ लावण्यांत आलें. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तर कंपनीनें यूझनेटवरील नवीं पत्रें दाखविणें व स्वीकारणें सर्वस्वीं थांबविलें. जुनीं तेवढीं वाचावयास ठेविलीं.

कंपनीची बाजू अगदींच लंगडी नाहीं. निरर्थक जाहिरातींचा चिखल खराच झाला होता; मात्र त्यांतील बराचसा याच दारानें आंत आला होता, हेंही सांगितलें पाहिजे. मंडळांतील लिखाणाचाही आम्ही खोटा गौरव करणार नाहीं. त्यांत पुनरुक्ति फार, व्यक्तिगत चकमकी त्याहून अधिक. लिओ ब्रोडी यांच्या ‘स्टार्टिंग फोर्थ’ या १९८१ च्या पुस्तकांतील प्रसन्नता व चित्रांचा खेळकरपणा येथें शोधून सांपडणार नाहीं. नवशिक्यानें तें पुस्तकच हातीं घ्यावें. परंतु पुस्तक एका मनाचें असतें. त्यांत शब्द घडून बसलेला दिसतो. घडतांना पडलेले घाव दिसत नाहींत. ज्या भाषेंत प्रत्येक जण कोशकार, तिला गुरूपेक्षांही बैठकीची गरज अधिक.

मग दोष कोणाचा? कंपनीनें विश्वस्त होण्याचा करार कोणाशीं केला नव्हता. वाचकांनींच तिला विश्वस्त मानलें, आणि दारालाच घर समजले. घर अजून उभें आहे. दुसऱ्या संगणकांवरून मंडळांत आजही लिहितां-वाचतां येतें. पण त्याकरितां निराळें साधन बसवावें लागतें. आणि वाटेनें जातां जातां आंत डोकावणारा नवखा वाचक तेवढ्यासाठीं सहसा थांबत नाहीं. अशा नवख्यावांचून बैठक भरली तरी ती म्हाताऱ्यांचीच राहते.

भाषा मेली नाहीं. १२ नोव्हेंबर २०१४ रोजीं ‘फिली’ हें यान धूमकेतूवर उतरलें, तेव्हां त्याच्या संगणकाचा गाभा फोर्थच्याच धर्तीवर घडविलेला होता. तिचे शब्द कोशांत राहतील. ते तसे कां घडले, याची साक्ष राहील कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे. ज्यांच्याजवळ जुनीं पत्रें उतरून घेतलेलीं आहेत त्यांनीं त्यांच्या आणखी प्रती कराव्या व दुसऱ्यांच्या स्वाधीन कराव्या. ही व्यवस्था मुळांत अनेक प्रतींवर उभी होती. ती एका कपाटावर विसंबली, तेथेंच चुकली.