वैद्य, चिंतामण विनायक
(१८ ऑक्टोबर १८६१–२० एप्रिल १९३८). मराठी इतिहासकार, महाभारताचे अभ्यासक आणि कादंबरीकार. जन्म कल्याण (जि. ठाणे) येथे. एम्.ए., एल्एल्.बी. झाल्यावर त्यांनी वकिली केली. पुढे ग्वाल्हेर संस्थानात ते मुख्य न्यायाधीश होते. पुणे येथील १९०८ च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘भारताचार्य’ ही त्यांची उपाधी रूढ आहे.

मध्ययुगीन भारत हा त्यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ (इंग्रजी आवृत्ती १९२१–२६) सुमारे ६०० ते १२०० या काळातील हिंदू राजवंशांचा इतिहास सांगतो. हर्षाच्या साम्राज्यापासून राजपूत घराण्यांच्या उदयापर्यंत आणि तेथून १२ व्या शतकाअखेरच्या पाडावापर्यंत त्याचा विस्तार आहे. ताम्रपट, शिलालेख व प्रवासवर्णने यांचा वैद्यांनी कसोशीने उपयोग केला. राजपूत हे परकीय टोळ्यांचे वंशज होत, हे मत खोडून ते वैदिक क्षत्रियांचे वंशज असल्याचे त्यांनी आग्रहाने मांडले. राजपूत ही ओळख अनेक गट मिळून क्रमाक्रमाने घडली, असे पुढील संशोधन मानते. त्यामुळे हा सिद्धान्त आज त्या स्वरूपात ग्राह्य ठरत नाही. मात्र राज्ये का बुडाली, या प्रश्नाचे उत्तर केवळ राजांच्या शौर्यात वा भेकडपणात न शोधता जातिबंधने आणि राष्ट्रभावनेचा अभाव यांकडे त्यांनी लक्ष वेधले. ग्रंथाचे टिकाऊ मोल येथे आहे.

दुर्दैवी रंगू (१९१४) ही त्यांची ऐतिहासिक कादंबरी. तिला १७६१ च्या पानिपतच्या संग्रामाची पार्श्वभूमी आहे. मोचनगड (१८७१) पासून सुरू झालेल्या मराठी ऐतिहासिक कादंबरीने पुढे हरि नारायण आपटे यांच्या उषःकालसारख्या कृतींतून स्वराज्याच्या उदयाचे चित्र रंगविले. वैद्यांनी विषय म्हणून पराभव निवडला आणि शीर्षकस्थानी पेशव्याला किंवा सेनापतीला नव्हे, तर एका अभागी स्त्रीला बसविले. इतिहासग्रंथात राजवंशांच्या नामावळीत ज्यांना जागा मिळत नाही, त्यांच्या वाट्याला युद्ध कसे येते, हे सांगण्याची सोय त्यांना कादंबरीने दिली.

या दोन कृतींमधील अंतर लक्षणीय आहे. इतिहासकार वैद्य वंशाचा अभिमान जपतात आणि त्यामुळे कधी कधी पुराव्यापेक्षा निष्कर्षाला अधिक झुकते माप देतात. कादंबरीकार वैद्यांना असा निष्कर्ष सिद्ध करावयाचा नसतो. पराभवाची कारणे शोधणारा अभ्यासक आणि पराभवाचे दुःख ओळखणारा लेखक एकाच व्यक्तीत नांदत होते. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे राजेरजवाड्यांचा गौरव, असे समीकरण पुढे दृढ होत गेले. त्याच्या तुलनेत दुर्दैवी रंगू ही वेगळी वाट दाखविणारी कृती ठरते.

महाभारताचा उपसंहार (१९१८) हा त्यांचा आणखी एक उल्लेखनीय ग्रंथ होय.