ताटावरील ड्रॅगन : अलंकरण की अधिकार?

चिनी मातीच्या शोभिवंत भांड्यांची चर्चा करताना ड्रॅगन, फिनिक्स आदी पुराणप्राण्यांना ‘शुभसूचक अलंकरण’ असे संबोधून समीक्षा बहुधा तेथेच थांबते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की जेवणाच्या भांड्यांवरील या आकृतिबंधाचा अर्थ त्याच्या रूपापेक्षा ‘हे ताट कोणी वापरावे’ या नियमात अधिक सामावलेला आहे.

चीनमधील जिंगदेझेन येथील भट्ट्यांत मिंग व छिंग राजदरबारांसाठी पोर्सेलिन घडविले जाई. पाच नखांचा ड्रॅगन हे सम्राटाचे चिन्ह होते. छ्यानलाँग सम्राटाच्या काळात (१७३६-१७९५) संकलित झालेल्या दरबारी नियमांनुसार आतून-बाहेरून पिवळी भांडी राजमाता व सम्राज्ञीसाठी होती. पिवळ्या पृष्ठावरील हिरवा ड्रॅगन त्याखालच्या राण्यांसाठी, निळ्यावरील पिवळा त्यांहून कनिष्ठांसाठी, तर हिरव्यावरील जांभळा त्याहीखालच्या श्रेणीसाठी राखलेला होता. प्राणी एकच, परंतु रंग बदलताच दर्जा बदलतो. ताट पाहून अंतःपुरातील पंक्तीचे स्थान कळावे, अशी ही योजना होती.

अर्थात, सर्वच चिनी ड्रॅगन राजचिन्हे नव्हेत. खाजगी भट्ट्यांतील व निर्यातीच्या भांड्यांवर तीन-चार नखांचे ड्रॅगन विपुल आढळतात. मात्र नखांची ही मोजदादच अधिकाराची सीमारेषा स्पष्ट करते.

हाच प्राणी युरोपात गेल्यावर काय झाले? ख्रिस्ती परंपरेत ड्रॅगन हा संत जॉर्जने वधिलेला दुष्ट प्राणी. तथापि सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस द स्ट्राँग याने १७१० मध्ये स्थापन केलेल्या मायसेन कारखान्यात, १७३० च्या सुमारास, पूर्व आशियाई नमुन्यांवरून लाल-सोनेरी ड्रॅगनची भांडी तयार झाली. तेथे ड्रॅगनचा धार्मिक अर्थ गळाला आणि मूळ चिनी अर्थही अपरिचितच राहिला. टिकला तो केवळ निर्बंध. ही नक्षी १९१८ पर्यंत सॅक्सन दरबारासाठी राखीव होती. त्या वर्षी राजेशाही संपली, निर्बंध उठला आणि तोच ड्रॅगन बाजारात कोणाही ग्राहकास उपलब्ध झाला.

रेषा, रंग, रचना यांत बदल न होताही आकृतिबंधाचा अर्थ पालटला, ही बाब लक्षणीय आहे. ‘निव्वळ अलंकरण’ ही या प्राण्याची मूळ अवस्था नसून अधिकार लोपल्यानंतर त्याला प्राप्त झालेली अवस्था आहे. म्हणूनच उपयोजित कलांच्या अध्यापनात ‘काय रंगविले आहे?’ या प्रश्नाआधी ‘या ताटात जेवण्याची मुभा कोणास होती?’ हा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे ठरते.