पायाची ताकद '४/५': हा आकडा नेमकं काय सांगतो?

शोधप्रस्ताव लिहिताना 'स्नायूंची ताकद एमआरसी ग्रेडिंगने मोजली जाईल' हे वाक्य आपण सगळेच सवयीने टाकतो. मीही टाकलं होतं. आज त्या ग्रेडिंगबद्दलच बोलू.

लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक काका कंबरदुखीसाठी फिजिओथेरपीला यायचे. एकदा म्हणाले, "पाय जड वाटतात." मी हाताने ताकद तपासली आणि ४/५ लिहिलं. दहा दिवसांनी पुन्हा ४/५. कागदावर काहीच बदललं नव्हतं. मग त्यांची मुलगी बोलली, "आधी एका दमात जिना चढायचे, आता प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबतात." तेव्हा कुठे मी हॅमर हातात घेतला. गुडघ्याचे रिफ्लेक्स जोरदार, तळपायाला ओरखडा दिला तर अंगठा वर. लगेच पुढे पाठवलं. एमआरआयमध्ये मणक्याचा क्षय आणि मज्जारज्जूवर दाब निघाला. उपचार सुरू झाले, पण ते दहा दिवस गेले ते गेलेच.

चूक माझीच, पण मोजमापाचीही मर्यादा आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९४३ च्या पुस्तिकेतलं हे ग्रेडिंग महायुद्धातल्या नसांच्या दुखापतींसाठी होतं. ० ते ३ पर्यंत ते चांगलं चालतं, कारण गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल होते की नाही हे डोळ्यांना दिसतं. पण ३ च्या वर आणि ५ च्या खाली जे काही असेल ते सगळं ४ मध्ये जातं. शिवाय मांडीचे स्नायू तपासणाऱ्याच्या हातापेक्षा बळकट असतात, त्यामुळे सुरुवातीचा अशक्तपणा सुटतोच.

दुसरी गोष्ट सांख्यिकीची. हे क्रम आहेत, अंतरं नाहीत. २ ते ३ आणि ४ ते ५ हे फरक सारखे नसतात. म्हणून 'सरासरी ३.८' लिहिण्याआधी विचार करा, मध्यक द्या.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. आकडा 'किती' सांगतो, 'कुठून' ते सांगत नाही. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रोड भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण वाढले होते. या आजारातही सुरुवातीला पायांची ताकद ४/५ भरू शकते, पण रिफ्लेक्स मंदावतात किंवा जातात आणि अशक्तपणा काही दिवसांत वर चढत श्वासापर्यंत पोहोचू शकतो. काकांचे रिफ्लेक्स याच्या बरोबर उलट होते. आकडा एकच, आजार दोन, आणि दोन्हींत घाई हवी.

मग एमआरसी सोडायचं का? नाही. सोबत डायनॅमोमीटर ठेवा, खुर्चीतून पाच वेळा उठायला लागणारा वेळ मोजा, रिफ्लेक्स, संवेदना आणि लघवीवरचा ताबा नोंदवा. आणि प्रस्तावात एक ओळ नक्की लिहा: अशक्तपणा वाढताना दिसला, तर व्यायाम थांबवून रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं जाईल.