कॉर्नहाउस : नदीतीरावरील एका उपाहारगृहाचें कर्तृत्व

नागपूरकर भोसल्यांच्या दप्तरांतील एखादें पत्र हातीं आलें म्हणजे संशोधक शिक्का कोणाचा एवढेंच पाहून थांबत नाहीं. मोडी अक्षर कोणाच्या वळणाचें, हेंही तो तपासतो. मुद्रा धन्याची असते, हात चिटणिसाचा असतो. इमारतींच्या इतिहासांत मात्र हा विवेक क्वचितच आढळतो. जर्मनींतील देसाउ शहरीं एल्ब नदीच्या तीरावर असलेलें कॉर्नहाउस हें उपाहारगृह याचें ठळक उदाहरण होय.

या जागीं पूर्वीं धान्याचें कोठार होतें. त्यावरून हें नांव पडलें. इ. स. १९२९-३० मध्यें बांधलेल्या या इमारतीस बाउहाउसची वास्तु म्हणण्याचा प्रघात आहे. आणि बाउहाउस म्हटलें कीं, संस्थापक वाल्टर ग्रोपियस यांचेंच नांव पुढें येतें. परंतु ग्रोपियस १९२८ सालींच ती संस्था सोडून गेले होते. कॉर्नहाउसचे वास्तुकार कार्ल फीगर (१८९३-१९६०) होत. ते ग्रोपियस यांच्या कचेरींत आराखडे काढीत. स्वतः ग्रोपियस यांस रेखाटनासाठीं सहकाऱ्यांवर अवलंबून राहावें लागे, हें प्रसिद्धच आहे.

या बाह्य पुराव्यास अंतर्गत पुराव्याचाही दुजोरा मिळतो. १९२६ सालीं पुरी झालेली ग्रोपियस यांची बाउहाउस-इमारत सरळ रेषांची व काटकोनांची आहे. कॉर्नहाउसचें मर्म नदीकडे पुढें आलेल्या अर्धवर्तुळाकार काचेच्या सज्ज्यांत आहे. फीगर यांनीं १९२४ च्या सुमारास वर्तुळाकार घराची कल्पना मांडली होती. देसाउ येथील त्यांच्या १९२७ च्या राहत्या घरांतही जिना अर्धगोल भिंतींत बसविलेला आहे. तेंच वळण येथें पुन्हां उमटलें. ती केवळ लकब नव्हे. सपाट भिंतींतून नदीचा एकच देखावा दिसतो. या सज्ज्यांत बसलेल्यास प्रवाह येतांना व जातांना, दोन्हीकडे दिसतो. रस्त्याकडील ठोकळेवजा बाजू पाहून हें सुचावयाचेंही नाहीं. सपाट छप्पर व पांढऱ्या भिंती यांचें ऋण त्या पंथाकडे जातें, हें मान्य. इमारतीचा प्राण मात्र फीगर यांचा आहे.

नागपूरच्या उच्च न्यायालयाची १९४० सालीं उघडलेली इमारत हेन्री मेड यांची. नवी दिल्लीच्या उभारणींत ते हर्बर्ट बेकर यांच्या हाताखालीं होते. तरी या वास्तूचें श्रेय त्यांसच मिळतें, हें योग्य झालें. आपल्याकडील इतर जुन्या इमारतींच्या बाबतींतही नकाशावरील सहीइतकाच तो रेखाटणारा हात तपासला पाहिजे.